मागची रुंद चाकं

आमच्या गाडीला पाणी लागत नसे. ही एक गोष्ट सोडली तर तिच्यात मला आवडण्यासारखं फारसं काही नव्हतं. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे, दारं दोनच, आणि मागच्या सीटवर बसायचं तर पुढची सीट वाकवून, पदर सावरून आत शिरायचं. पण उन्हाळ्यात औंढ्याच्या चढावर जीपवाले बॉनेट उघडून पाण्याचा डबा शोधत उभे असायचे, तेव्हा आमची ही परदेशी गाडी त्यांच्या शेजारून फटफट करत निघून जायची. तिचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. खेड्यात कुठेही थांबलो की कुणीतरी आपणहून घागर घेऊन यायचं आणि हे सांगायचे, "तिला नको, मला द्या."

"तिला काहून नको?"

"तिला तहान लागत नाही."

"बिनपाण्याची, बिनकुरकुरीची," एक म्हातारा म्हणाला होता, "अशी बायकू भेटाया पायजे होती, डाक्टर."

मी शेजारीच बसले होते. म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि घागर तिथेच ठेवून तो निघून गेला.

हे म्हणजे माझे यजमान. हिंगोलीत आमचा दवाखाना होता; हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. रोगी तपासायचं काम ह्यांचं, बाकी सगळं माझं. कुठलं औषध कधी संपेल, सुया कधी उकळायच्या, कुणाला पट्टी बदलायला बोलावलंय, घरात ज्वारी किती उरली. याद्या करायची मला लहानपणापासूनची सवय. एक यादी दवाखान्याच्या कपाटाच्या दारावर, एक स्वयंपाकघरात, एक बाजाराच्या दिवसाची. यादी केली की निम्मं काम झालं असं मी मानते, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं.

बाजाराच्या दिवशी हे गाडी घेऊन जवळा बाजारला जायचे. तिथे एका कापडदुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे. माणसं कापूस, ज्वारी, बकऱ्या घेऊन बाजाराला यायची आणि त्याबरोबर आठवडाभराचा खोकला, गळू, ताप घेऊन ह्यांच्याकडे यायची. दिवस कलला की ज्या रोग्याला हलवता येत नाही त्याच्या वस्तीवर जायचं. वाट बैलगाडीची असली तरी हे तीत बेधडक गाडी घालायचे आणि गाडीही जायची. बाकीचे सहा दिवस हे त्या एका दिवसासाठी काढायचे, असं मी म्हटलेलं ह्यांना आवडत नसे. पण होतं तसंच.

एका वर्षी, उन्हाळा संपता संपता, ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डावी बाजू. दाढी करताना आरसा पडला आणि तो उचलायला हात जाईना. पोळ्यापर्यंत पाय चांगलाच सुधारला. हात मागे राहिला. पेला धरता यायचा, पण धरलेला पेला किती वेळ धरलेला राहील याचा भरवसा नव्हता. नांदेडचे मोठे डॉक्टर ह्यांच्याच बरोबर शिकलेले. त्यांनी ह्यांचा हात वरखाली करून पाहिला आणि म्हणाले, "दवाखाना चालव. गाडी चालवू नकोस." ह्यांनी मान डोलावली. रोगी डोलावतात तशी.

पुढच्याच बाजाराला हे गाडी काढून निघाले. मी शेजारी बसले. औंढ्याच्या अलीकडे एका वळणावर रस्ता ओला होता. गाडी डावीकडे सरकत गेली, सरकतच राहिली, आणि एका ज्वारीच्या शेतात कणसांमध्ये जाऊन उभी राहिली. कुणाला लागलं नाही. काचेवर ज्वारीचं एक हिरवं ताट आडवं पडलं होतं.

"मागचं चाक सुटलं," हे म्हणाले.

मी काय पाहिलं ते सांगते. आपल्याकडे स्टिअरिंग उजव्या बाजूला आणि गिअरचा दांडा डाव्या हाताशी. ह्यांचा डावा हात दांडा ओढू शकत नव्हता, म्हणून हे उजवा हात स्टिअरिंगवरून काढून, अंगावरून आडवा नेऊन गिअर टाकत होते. तेवढा वेळ स्टिअरिंग डाव्या हातात. आणि तो डावा हात स्टिअरिंगवरून हळूहळू घसरून मांडीवर येत होता, झोप लागलेल्या माणसाचा यावा तसा. मागचं चाक सुटलं असेलही. पण आधी हात सुटला होता.

मी हे तिथेच, ज्वारीत बसल्या बसल्या सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग खाली उतरून मागच्या चाकाकडे बराच वेळ पाहत राहिले.

घरी आल्यावर मला दोन झाकण्या आणि एक लाटणं मागितलं. झाकण्या म्हणजे चाकं, लाटणं म्हणजे दांडा. या जातीच्या गाडीचा मागचा दांडा मधून मुडपतो, जोरात वळलं की चाकं आत दुमडतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, असं हे मला समजावत होते. उजव्या हातात एक झाकणी धरलेली, दुसरी डाव्या हातात टिकेना, म्हणून ती मला धरायला सांगितली. "मागे रुंद चाकं घातली की ती जमिनीला धरून राहते. परदेशात सगळे घालतात." हे खोटं बोलत नव्हते. गाडीत तो दोष होताच. तीच खरी अडचण होती. निव्वळ थाप असती तर मी ती पुसून टाकली असती. इथे खऱ्या दोषामागे दुसरा खरा दोष लपला होता, आणि माझा नवरा डॉक्टर होता. रोगाचं निदान चुकवायचं कसं हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

हैदराबादला जुन्या परदेशी गाड्यांचं सामान विकणारा एक जण ह्यांच्या ओळखीचा होता. त्याला पत्र गेलं.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. ड्रायव्हर ठेवू म्हटलं. "ड्रायव्हर ठेवला की दुसऱ्या दिवशी गाव म्हणेल, डॉक्टर संपला," हे म्हणाले. रोग्यांनाच हिंगोलीला बोलवा म्हटलं. "ज्यांना येता येतं ते येतातच. मी जातो ते न येणाऱ्यांसाठी." एसटीने जाऊ म्हटलं. ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. एसटी वस्तीवर जात नाही, हे मलाही माहीत होतं.

दिवाळीनंतर रुंद चाकं आली. पूर्णा जंक्शनवरून रेल्वे पार्सलने, गोणपाटात शिवलेली, टायरसकट. स्टेशनवरून ती हातगाड्यावर आणताना दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, जणू काही मूर्तीच येत होती.

चाकं बसवणार स्टेशनरोडवरचे मिस्त्री. पत्र्याचं छत, जमिनीत एक खड्डा, आणि समोर कायम दोन-तीन ट्रक. आदल्या दिवशी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. फिरवून बोलणं मला जमत नाही.

"मिस्त्री, उद्या डॉक्टर चाकं घेऊन येतील. बसत नाहीत म्हणून सांगा."

"बसत न्हाईत का?"

"बसोत नाहीतर न बसोत."

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "बाईसाब, डाक्टरसाबनी माझ्या लेकराला निमोनियातून काढलं. त्यास्नी मी झूट कसा बोलू?"

"त्यांचा हात चालत नाही, मिस्त्री. तुम्ही पाहिलंय."

त्यांनी पाहिलं होतं. सगळ्या गावाने पाहिलं होतं. मिस्त्री म्हणाले, "बराबर हाय तुमचं. कोशिश करतो."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. मिस्त्रींनी जुनं चाक काढलं, नवं लावलं, हाताने फिरवलं. चाक अर्धं फिरलं आणि कर्र करून अडकलं. ते इतकं रुंद होतं की आतल्या बाजूला गाडीच्या लोखंडाला घासत होतं. मला देव पावल्यासारखं झालं. खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. मिस्त्रींनीही माझ्याकडे पाहिलं आणि सुटल्यासारखे मोठ्याने म्हणाले, "न्हाई बसत, डाक्टरसाब. अंदर घासून राहिलं. वापस धाडून द्या."

ह्यांचा चेहरा उतरला. हे चाकाशेजारी तसेच उकिडवे बसून राहिले. दोन मिनिटं गेली असती तर आम्ही घरी आलो असतो आणि ही हकिकत इथेच संपली असती. पण बाजेवर एक ट्रक-ड्रायव्हर चहा पीत बसला होता. तो बशीत फुंकर मारत म्हणाला, "हैदराबादवाल्यानं बनवलं, अन् हिंगोलीवाल्याला बसवता येईना. लिहून द्या तसं पार्सलवर."

मिस्त्री गर्रकन वळले. "कोन म्हनतं बसवता येत न्हाई?"

"तुमीच म्हनले की आत्ता."

"मी म्हनलो घासून राहिलं! बसवता येत न्हाई म्हनलो का?"

"मिस्त्री," मी म्हटलं.

"थांबा बाईसाब." ते खड्ड्यात उतरलेसुद्धा.

त्यानंतर मिस्त्रींना माझी आठवण राहिली नाही. आतून घासतं, तर चाक बाहेर ढकलायचं. त्यांनी चाक आणि ड्रम यांच्यामध्ये घालायला लोखंडाच्या जाड चकत्या कापून घेतल्या. चकत्या घातल्या तर बोल्ट आखूड पडले, म्हणून नांदेडहून लांब बोल्ट करवून आणले. चाक बाहेर आलं तर बाहेरच्या बाजूला मडगार्डला लागायला लागलं, म्हणून मडगार्डची कड हातोडीने आत दुमडली. तरी लागतं म्हटल्यावर थोडी कापलीच. दर दोन दिवसांनी हे गॅरेजवर जायचे आणि मिस्त्रींसारखेच तोंडाला काळं लावून परत यायचे. झटका आल्यापासून इतके खुशीत मी ह्यांना पाहिले नव्हते. जेवताना चकत्यांबद्दल बोलायचे. मी भाजी वाढायचे.

शेवटच्या दिवशी वजनाची परीक्षा झाली. गाडीत माणसं बसली की मागचा भाग खाली येणार. तेव्हा चाक घासतं का ते बघायचं होतं. मिस्त्रींनी टायरला खडू फासला आणि रस्त्यावरची माणसं धरून धरून मागे बसवली. "अजून वजन पायजे. बाईसाब, तुमी बी बसा."

"मी कशाला?"

"तुमी पुढं बसताच की नेहमी. तुमचं वजन बराबर धरावं लागंल."

ट्रक-ड्रायव्हरही मागे बसला होता. तो म्हणाला, "बसा, ताई. म्हैस किती दूध देती ते तरी कळू द्या." बाहेरून गाडी तशीच दिसत होती खरी, मागून फुगलेली, गाभण म्हशीसारखी. मी बसले. जिला ही चाकं नको होती, तिच्याच वजनावर ती पास झाली. खडू कुठेही पुसला नव्हता. मिस्त्रींनी ह्यांच्याशी हात मिळवला, मग माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा एकदम पडला. "बाईसाब," ते हळूच म्हणाले, "चाक तर बसून गेलं."

बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. डांबरी रस्त्यावर गाडी खरंच बदलली होती. वळणावर मागचा भाग जमिनीला चिकटून राहत होता. हे मुद्दाम प्रत्येक वळणावर म्हणत होते, "बघ. बघितलंस?" मी बघत होते, पण चाकांकडे नाही. चढावर उजवा हात निघाला, गिअरवर गेला, डावा हात स्टिअरिंगवर एकटा राहिला. गाडी डावीकडे झुकू लागली. उजवा हात परत आला. गाडी सरळ झाली. समोरून ट्रक आला असता तर, हे मी मनातल्या मनात दर चढाला म्हणत होते. बोलून उपयोग नव्हता. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. ह्यांच्या हाताकडे बघत राहणं एवढंच काम मला उरलं होतं, आणि त्याची यादी होत नाही.

जवळा बाजारला गर्दी होती. चाकं बघायलाच निम्मी माणसं आली असतील. दुपार टळल्यावर एक शेतकरी आला. वय झालेला, हातात तुतारी. ही तुतारी म्हणजे बैलांना टोचायची काठी. त्याच्या बायकोला धाप लागली होती, उठवत नव्हतं. वस्ती रस्त्यापासून आत होती.

"गाडीवाट हाय," तो म्हणाला. "मागं तुमी आल्ते की आमच्या शेजाऱ्याकडं. त्याच वाटंनं."

हे लगेच उठले. शेतकरी बैलगाडी घेऊन पुढे, आम्ही मागे.

काळ्या मातीच्या वाटा ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात बैलगाड्यांची चाकं चिखलात रुतून दोन खोल रेघा पाडतात. त्यांना चाकोरी म्हणतात. दिवाळीनंतर ऊन लागलं की त्या दगडासारख्या घट्ट होतात, घोट्याच्या वर येतील एवढ्या खोल. आमच्या भागातल्या सगळ्या बैलगाड्यांची दोन चाकांमधली रुंदी जवळपास सारखीच असते, म्हणून एकीच्या चाकोरीतून दुसरी जाते. आमच्या गाडीची रुंदीही योगायोगाने तेवढीच होती. इतकी वर्षं हे बेधडक बैलगाडीच्या वाटेने जात होते ते त्यामुळे. चाकं आपोआप चाकोरीत उतरायची आणि आगगाडीसारखी चालत राहायची. ते आपोआप व्हायचं, म्हणून त्याचा विचारच कुणी केला नव्हता. ह्यांनी नाही, मिस्त्रींनी नाही, मीही नाही. आतून घासतंय म्हणून आम्ही चाकं बाहेर ढकलली होती. किती बाहेर ढकलली, तर आता मागची चाकं या वाटेच्या मापाची राहिली नव्हती.

पुढची चाकं सवयीने चाकोरीत उतरली. मागची उतरली नाहीत. ती दोन्हीकडच्या उंच कडांवर चढली. थोडा वेळ गाडी तशीच चालली, मागून वर उचललेली, नाक खाली घातलेली. मग उजव्या बाजूची कड ढासळली, ते चाक खाली गेलं, डावं वरच लटकलं आणि इंजिनचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. हे गिअर बदलायला गेले, गाडीने हिसका दिला आणि आम्ही दोघं उजवीकडे कलंडून थांबलो. लटकलेलं चाक मोकळ्या हवेत गरगर फिरत होतं.

शेतकरी गाडीवरून उतरून आला. त्याने वाकून पुढून पाहिलं, मागून पाहिलं, तुतारी आडवी धरून काहीतरी ताडून पाहिलं.

"डाक्टर, पुढली चाकं आमच्या मापाची, अन् मागली कोन्या मापाची हो?"

हे खाली उतरून मागच्या चाकाशी वाकले.

"बूड मोठं झालं तिचं," तो मला म्हणाला, जसं काही माझ्याच हातून झालं होतं. "ऱ्हाऊ द्या तिला. माय, तुमी दोघं आमच्या गाडीत बसा."

बैलगाडीतून आम्ही वस्तीवर गेलो. ह्यांनी बाईला तपासलं. मी सुई भरून दिली. ह्यांनी उजव्या हाताने टोचली. डाव्या हाताने दंड धरायचा असतो, तो मी धरला. हे आम्ही दवाखान्यात केव्हापासून असंच करत होतो. कधी सुरू झालं तेही मला सांगता येणार नाही. बाईची धाप हळूहळू उतरली. शेतकऱ्याच्या सुनेने गुळाचा चहा दिला. "डाक्टर आले म्हनून बरं झालं," ती म्हणाली. "न्हाईतर कोन येतंय एवढ्या आत." हे मान खाली घालून चहा पीत होते. मला त्या सुनेचं बोलणं नको होतं आणि ते खोटंही नव्हतं.

परत आलो तेव्हा शेजारच्या वस्त्यांवरची माणसं गाडीभोवती जमली होती. त्यांनी चाकोरीत ढेकळं आणि कापसाच्या जुन्या पऱ्हाट्या भरल्या, मागे दोर बांधून बैल जुंपले आणि गाडी उंचवट्यावरून ओढून काढली. एका बाजूला वाट शेताच्या बरोबरीने होती. तिथे गाडी थोडी मागे घेऊन शेतात घालायची, वळवायची आणि पिकाच्या कडेने रस्त्याला लागायचं, असं ठरलं.

हे आत बसले. मी शेजारी बसले. इंजिन सुरू झालं. बाहेर सगळे उभे.

मागे जायचा गिअर या गाडीत विचित्र होता. दांडा आधी खाली दाबायचा आणि दाबून धरूनच बाजूला घेऊन मागे ओढायचा. त्याला जोर लागतो. ह्यांनी डाव्या हाताने प्रयत्न केला. हात दांड्यावरून निसटला. पुन्हा ठेवला, पुन्हा निसटला. मग उजवा हात आडवा आणला, पण अजून एका बाजूला कललेल्या गाडीत तो तिरका पडत होता, त्याचा दाब दांड्यावर येईना. करकर आवाज झाला. एक जण काचेशी वाकून म्हणाला, "काहून, काय झालं?" दुसरा म्हणाला, "गिअर पडून न्हाई राहिला." तिसरा म्हणाला, "डाक्टरचा हातच —" आणि त्याला कुणीतरी कोपर मारलं.

ह्यांच्या कपाळावर घाम होता. हे समोर बघत होते. मला वाटलं, आता हे उतरतील. उतरून कुणाला तरी म्हणतील की गाडी इथेच राहू द्या, उद्या ड्रायव्हर पाठवतो. मला तेच हवं होतं. कितीतरी आठवडे मला फक्त तेच हवं होतं, आणि ते असं, सगळ्यांच्या समोर, शेतात व्हायला नको होतं.

"अगं," हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो दांडा खाली दाब."

मी दांड्यावर हात ठेवला आणि दाबला.

"दाबूनच धर. तुझ्याकडे घे. आता मागे."

दांडा खाडकन बसला. ह्यांनी मान वळवून उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं आणि गाडी मागे घेतली, शेतात घातली, थांबवली. "आता सोड. वर, पुढे. हा पहिला." गाडी कापसाच्या कडेने डुलत निघाली. कुणीतरी टाळी वाजवली. शेतकऱ्याने तुतारी वर केली.

डांबरी रस्त्यावर लागल्यावर मला वाटलं, आता हे पुन्हा आपलं आपण करतील. क्लच दाबल्याचा आवाज आला. ह्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरच होता.

"दुसरा. सरळ मागे."

मी ओढला. थोड्या वेळाने म्हणाले, "तिसरा." तो मी चुकीच्या जागी ढकलला आणि सगळी गाडी दात खाल्ल्यासारखी कर्रकर्र वाजली.

"हळू. जोर लावू नकोस. तो स्वतःच्या जागेवर जातो, आपण नुसतं सोबत जायचं."

घरी येईपर्यंत गाडी एकदाही डावीकडे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच मिस्त्रींकडे गेले आणि जुनी चाकं बसवायला सांगितली. वाटेचं माप जमत नाही एवढंच कारण दिलं. मिस्त्रींना वाईट वाटलं. मडगार्ड तर त्यांनी कापलं होतं. तो तुकडा पुन्हा डाग देऊन लावू का म्हणून त्यांनी विचारलं. राहू द्या, हे म्हणाले. मागचं चाक सुटतं हे वाक्य त्यानंतर ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

पुढच्या बाजाराला मी औषधांची पेटी पुढच्या डिकीत ठेवली, उकळलेल्या सुयांचा डबा मांडीवर घेतला आणि बसले. नांदेडच्या डॉक्टरांना हे कळलं तर ते काय म्हणतील, ते मला पाठ होतं. एका माणसाची नजर, एक त्याचा हात, दुसरा बायकोचा, आणि मध्ये बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढा उशीर. ही गाडी रस्त्यावर असायला नको होती. पण मी उतरले तर हे एकटे जाणार, आणि मी बसले तर ही अशीच चालणार. यातलं तिसरं काही मला त्या सकाळी सुचलं नाही, आणि पुढेही कधी सुचलं नाही.

औंढ्याच्या चढाला लागलो. चढ अर्धा झाला. मग मला राहवेना.

"आणि उजवाही गेला तर?"

हे रस्त्याकडेच बघत होते. मला वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

"समोर म्हैस आहे," हे म्हणाले. "दुसरा टाक."

मी टाकला.